वाचकांचे प्रश्न : गाण्यावर हक्क सांगितला की शिव्या का पडतात?

प्रश्न : मी अहिराणी गाणी लिहितो, चालीही माझ्याच. माझं हळदीचं गाणं एका चॅनेलने बेस वाढवून, माझं नाव गाळून आख्खं टाकलं. यूट्यूबकडे तक्रार केल्यावर ते उडालं. आता त्यांचे चाहते माझ्या प्रत्येक व्हिडिओखाली ‘गानं आख्खा खान्देशनं शे, तुन्हा एकलानं नई’ असं लिहितात. शिव्या आहेतच, रात्री-बेरात्री फोनही येतात. तक्रार मागे घेऊ का? – गीतकार, अमळनेर तालुका

उत्तर : घेऊ नका. मागे घेतली की समोरच्याचा स्ट्राइक (यूट्यूबने चॅनेलवर नोंदवलेला ठपका) जातो आणि शिव्या दिल्या की काम होतं, हे गर्दीला कळतं. पुढच्या वेळी ती दुसऱ्या कुणा गीतकाराच्या दारात उभी राहील.

पण ‘गाणं खान्देशचं’ या बोलण्यात लोकांचा जीव आहे, तो ओळखा. तुमचं गाणं त्यांनी वरातीत नाचून मोठं केलं. कायदाही त्यांना ही मोकळीक देतो : कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२(१)(झेड-ए) नुसार लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभात गाणं वाजवायला परवानगी लागत नाही. ही सूट वाजवण्यापुरती आहे, चॅनेलवर चढवून जाहिरातीचे पैसे घेण्यापुरती नाही. गैरसमज इथेच होतो. लोकांना वाटतं, आता डीजेवर गाणं लावलं तरी हा माणूस नोटीस धाडणार.

म्हणून भांडणात उत्तरं देत बसू नका. स्वतःच्या व्हिडिओखाली एकच कमेंट पिन करा : ‘हळदीला, वरातीत बिनधास्त वाजवा. रील बनवा. आख्खं गाणं दुसऱ्या चॅनेलवर टाकू नका, रिमिक्स करायचं तर आधी विचारा.’ अहिराणीतच लिहा. पुढच्या तक्रारीच्या वेळी ७ दिवसांची मुदत देणारा पर्याय निवडा. त्या मुदतीत समोरच्याने व्हिडिओ स्वतः काढला तर त्याला स्ट्राइक बसत नाही, आणि ‘न सांगता चॅनेल मारलं’ म्हणायला जागा उरत नाही.

आता फोनचं. तक्रारदाराचं नाव आणि ई-मेल समोरच्याकडे जातो, म्हणून तक्रारीसाठी घरचा नव्हे, कामाचा ई-मेल ठेवा. मोबाईल नंबर मात्र बहुतेक वेळा आपल्याच हातून बाहेर गेलेला असतो : थंबनेलवर किंवा खालच्या माहितीत ‘बुकिंगसाठी संपर्क’ म्हणून. त्या कामाला वेगळं सिम घ्या.

कमेंट काही दिवस तपासणीनंतरच दिसतील असं सेटिंग करा. यूट्यूब स्टुडिओत (चॅनेल सांभाळायच्या पानावर) नको असलेल्या शब्दांची यादी भरता येते. अहिराणीतल्या शिव्या यंत्राच्या चाळणीतून निसटतात, त्यामुळे त्या हाताने भराव्या लागतात. देवनागरीत आणि रोमन लिपीत, जितक्या तऱ्हांनी लिहिल्या जातात तितक्या. पुसण्याआधी स्क्रीनशॉट घ्या. त्यात तारीख, वेळ, खात्याचा पत्ता दिसला पाहिजे, आणि मूळ फोन फॉरमॅट करू नका. कोर्टात अशा पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. जिवाची धमकी असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१ सांगून पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार द्या. १९३० हा क्रमांक पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, इथे त्यात वेळ जाईल.

प्रश्न : आमच्या डान्स क्लासच्या व्हिडिओवर एका गायकाने कारवाई केली. आम्ही गायकाचं नाव दिलं होतं. रागाने पोस्ट टाकली, ती खूप पसरली. आता व्हिडिओ डिलीट करून मोकळं व्हावं का? – शिरपूर

उत्तर : आधी पाहा, क्लेम आहे की स्ट्राइक. बरीच आगपाखड या दोहोंची गल्लत झाल्याने होते. कंटेंट आयडी म्हणजे जुळणारं गाणं आपोआप ओळखणारं यूट्यूबचं यंत्र. त्याच्या क्लेममध्ये बहुधा जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडे जातात, चॅनेलला धक्का लागत नाही. स्ट्राइक ९० दिवस राहतो. तीन झाले तर चॅनेल बंद होऊ शकतं. व्हिडिओ डिलीट केल्याने स्ट्राइक उतरत नाही. नाव देणं हा सौजन्याचा भाग आहे, परवानगी नव्हे.

काउंटर नोटीस, म्हणजे ‘व्हिडिओ चुकीने काढला, परत लावा’ असं यूट्यूबला दिलेलं उत्तर, खरोखर हक्क किंवा सूट असेल तरच पाठवा. त्यात तुमचं नाव-पत्ता समोरच्याला कळतो, आणि त्याने कामकाजाच्या १० दिवसांत कोर्टात गेल्याचा पुरावा दिला तर व्हिडिओ परत येत नाही. सोपा मार्ग म्हणजे गायकाला सरळ लिहा, तक्रार मागे घेण्याची विनंती करा. त्याआधी ती पोस्ट काढा. ती डोळ्यासमोर असताना कोण ऐकून घेईल?

प्रश्न : कानबाईचं (खान्देशातल्या देवीचं) पिढ्यान्‌पिढ्यांचं गाणं गाणाऱ्या महिला मंडळावर एका कलाकाराने क्लेम टाकला. हे बरोबर आहे का? – चाळीसगाव

उत्तर : नाही, इथे मंडळाचा राग रास्त आहे. परंपरेचे शब्द आणि चाल कुणा एकाची होत नाही. त्या कलाकाराचा हक्क त्याच्या रेकॉर्डिंगवर आणि त्याने नव्याने रचलेल्या भागावर, तेवढाच. कधी दोन रेकॉर्डिंगमधली जुनी चाल जुळते आणि क्लेम यंत्रच टाकतं. मंडळाने ‘पारंपरिक रचना, गायन आमचं’ असं लिहून यूट्यूबवर क्लेमला आक्षेप घ्यावा. उत्तरासाठी समोरच्याला ३० दिवस असतात. तरीही कोर्टाच्या पोकळ धमक्या येत राहिल्या तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६० खाली त्या थांबवून घेता येतात.

बहिणाबाईंच्या कवितांबद्दलही अनेकांनी विचारलंय. त्या १९५१ साली गेल्या, संग्रह १९५२ चा. कॉपीराइटची ६० वर्षांची मुदत धरली तर त्या संग्रहातल्या कविता २०१२ अखेर मोकळ्या झाल्या. स्वतःची चाल लावून गा. दुसऱ्या संगीतकाराची चाल मात्र त्याची आहे.

प्रश्न : गाणं माझंच, हे दाखवायला कॉपीराइटची नोंदणी लागते का? – नंदुरबार

उत्तर : सक्तीची नाही, पण वादात उपयोगी पडते. शुल्क शब्दांसाठी ५०० रुपये, चालीसाठी वेगळे ५००, रेकॉर्डिंगसाठी २०००. सुरतेच्या किंवा कुठल्याही निर्मात्याला गाणं देताना लेखी करारात मुदत घाला. मुदत लिहिली नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो. आणि दावा लावायची वेळ आलीच तर याच कायद्याच्या कलम ६२ मुळे तो तुमच्याच जिल्ह्याच्या कोर्टात लावता येतो, सुरतेला खेपा घालाव्या लागत नाहीत.