फँटसी पिक्चर आणि सिरीजचा रिव्ह्यू लिहायचा तर नेमकं बघायचं काय?

प्रश्न विचारणारा भाऊ धुळ्याचा आहे आणि त्याची अडचण अशी, की त्याला ड्रॅगन-जादूवाल्या पिक्चर-सिरीजवर लिहायचंय पण मित्र म्हणतात, सगळं खोटंच तर असतं, त्यात चूक-बरोबर काय काढणार. मी भुसावळचा, असलं बरंच बघतो आणि बघून झालं की लिहितोही, म्हणून सांगतो.

मित्रांना आधी अस्तंब्याच्या यात्रेबद्दल विचार भो. दर दिवाळीला, धनत्रयोदशीच्या सुमारास, धडगाव तालुक्यात सातपुड्याच्या त्या शिखरावर लोक चढून जातात अश्वत्थाम्याच्या दर्शनाला, आणि म्हातारी माणसं सांगतात की तो कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरतो. हे ऐकताना कुणी "असं कुठं असतं का" म्हणत नाही. पण कुणी सांगितलं की यंदा त्याची जखम भरली, आता तो मजेत आहे, तर लहान पोरगंसुद्धा म्हणेल, थांबा, मग शापाचं काय झालं? तुझा रिव्ह्यू इथून सुरू होतो. जग खोटं असलं तरी चालतं, त्या जगानं स्वतःच घातलेला नियम मोडला की चालत नाही, आणि अमरपण फुकटात मिळालं तर गोष्टीत काही उरतच नाही.

'कल्की 2898 एडी' (2024) घे. अमिताभचा अश्वत्थामा आला की पिक्चरला एकदम वजन येतं, आणि प्रभासचा भैरव आला की पहिल्या हाफमधे तरी मला घड्याळाकडे बघावंसं वाटलं. दोघंही मारामारी जबरदस्त करतात, व्हीएफएक्स दोघांनाही सारखाच, मग फरक कुठं पडला? एकाच्या मागे हजारो वर्षांचा शाप आहे, दुसऱ्याच्या मागे थकलेलं घरभाडं. हे असं कारण सापडलं की लिही, नुसतं "फर्स्ट हाफ स्लो आहे" तर थेटरातून निघणारा कुणीही सांगतो.

नियमाचा सगळ्यात भारी नमुना माझ्या मते 'तुंबाड' (2018). त्यातल्या हस्तर नावाच्या लोभी देवाला बाकीच्या देवांनी अन्न घेऊ दिलं नाही, सोनं त्याच्याकडे आहे पण अन्न मिळत नाही, म्हणून तो भुकेला आहे, म्हणून पिठाच्या बाहुलीला भुलतो, आणि ती खाण्यात गुंतला तेवढ्या वेळात त्याची सोन्याची नाणी हिसकावायची. एवढंच. दोन ओळीत मावणारा नियम, आणि सगळी भीती त्यातूनच निघते. शेवट सांगत नाही, पण हिरोचा पोरगा जो डोकेबाज उपाय सुचवतो ना तो त्याच नियमातून येतो आणि त्याच नियमानं अंगावर उलटतो, बाहेरून कोणी बुवा मंतर घेऊन येत नाही. तरी लोक लिहितात काय, तर "ग्राफिक्स हॉलिवूडच्या तोडीचे". अरे त्यातला पाऊस खरा आहे, पावसाळ्यांची वाट बघून शूट केलाय. आणि ती साखळीतली म्हातारी ज्यानं केली त्याच पोरानं पुढं हिरोच्या मुलाचं काम केलंय, मेकअपखाली, हे लिही की.

उलटा नमुना 'गेम ऑफ थ्रोन्स' ही सिरीज. सुरुवातीला राजा उत्तरेला विंटरफेल किल्ल्याला जातो तर त्या प्रवासाचाच थकवा दिसतो, अंतर किती मोठं आहे ते आपल्या डोक्यात बसतं. 2017 च्या सातव्या सीझनमधे मात्र हिरो मंडळी उत्तर टोकाच्या बर्फाच्या भिंतीपलीकडे अडकतात, एक जण पळत भिंतीपर्यंत येतो, तिथून निरोप घेऊन कावळा दूरच्या ड्रॅगनस्टोन बेटावर जातो, तिथून राणी डेनेरिस ड्रॅगन घेऊन येते, आणि हे सगळं एकाच एपिसोडात. ड्रॅगन उडतो याला माझी हरकत नाहीच, ड्रॅगन उडणारच. पण सहा सीझन ज्या लांबीच्या जिवावर नाट्य उभं केलं तीच लांबी गरज पडल्यावर गुंडाळून ठेवली, हा खरा दोष. सिरीजचा रिव्ह्यू पहिल्या दोन एपिसोडवर करू नको ते याच्यासाठी, नियम पाळला की मोडला हे सीझन संपल्याशिवाय कळत नाही.

पण दोष काढायची सवयही लागते हां. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'बद्दल एक प्रश्न हमखास येतो, की गरुडावर बसून जायचं आणि ती दुष्ट अंगठी ज्वालामुखीत टाकून यायची ना, एवढं चालले कशाला. यावर मी एकच बघतो, ही शंका पिक्चर चालू असताना आली का नंतर टपरीवर चहा पिताना आली? नंतर आली असेल तर ती शंका नाही, टाइमपास आहे. खलनायक साऊरॉनचा डोळा सगळीकडे फिरतोय आणि सगळी मोहीमच चोरून चाललीय, हे पिक्चरनं दाखवलंय, त्यामुळं बघताना प्रश्न पडत नाही, तेवढं मला पुरतं.

पिक्चर पुस्तकावरून काढलेला असेल तर ते पुस्तक वाचलंय का नाही ते पहिल्याच ओळीत सांगून टाक. वाचलेला माणूस काय गाळलं ते मोजत बसतो, न वाचलेल्याला गोष्ट समजली का नाही एवढाच प्रश्न असतो, दोन्ही रिव्ह्यू चालतात पण मिसळले की वाचणाऱ्याचा घोळ होतो.

आणि कशावर बघितलं तेही सांग. 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या आठव्या सीझनमधे रात्रीच्या लढाईचा एपिसोड आहे, 2019 ला जगभर बोंब झाली की अंधारात काही दिसतच नाही, आणि कॅमेरामनचं म्हणणं की तुमच्या टीव्हीच्या सेटिंगचा दोष. आता तो एपिसोड जर तू मे महिन्यात भर दुपारी मोबाईलवर, दार उघडं ठेवून बघितला, तर दोष कुणाचा ते तूच ठरव, पण निदान लिहिताना सांगून टाक. तसंच हिंदी डबिंगचं. आपल्याकडे बरेच जण इंग्रजी सिरीज हिंदीतच बघतात आणि त्यात काही कमीपणा नाही, फक्त "ॲक्टिंग बेकार" लिहिण्याआधी एक सीन मूळ आवाजात लावून बघ, बऱ्याचदा ॲक्टर बरा असतो आणि आवाज देणाऱ्यानं एल्फ म्हणजे टोकदार कानांच्या त्या अमर लोकांना पौराणिक सिरियलमधल्या ऋषीसारखं बोलायला लावलेलं असतं. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्याच जगातली सिरीज 'रिंग्ज ऑफ पॉवर' तर हिंदी, तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम सगळ्यात आली, मराठीत नाही, तो राग वेगळा.

स्टार द्यायचे का म्हणून विचारलंयस. मी देत नाही, कारण लोक साडेतीन वाचून खालचं काही वाचतच नाहीत. सुरुवात 'तुंबाड'पासून कर, पावणेदोन तासात होतो, एकदा नुसता बघ आणि दुसऱ्यांदा वही घेऊन बस.