सात, अकरा, तीन, सात

"ताई, मी सारखी मागे लागले तर सिस्टर चिडतील. आणि तो राग ह्यांच्यावर निघेल."

कंपवाताच्या (पार्किन्सन्सच्या) रुग्णाला ॲडमिट करायची वेळ आली की ही भीती मला बहुतेक घरांतून ऐकू येते. इथे एका काकूंची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काकांना नऊ वर्षांपासून कंपवात. हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं आणि काकूंची झोप उडाली होती. भीती ऑपरेशनची नव्हती, आधीच्या मुक्कामाची होती. तेव्हा लघवीच्या संसर्गामुळे काका पाच दिवस दवाखान्यात होते. घरी कंपवातावरच्या, लेव्होडोपाच्या गोळ्या सकाळी 7, 11, दुपारी 3 आणि संध्याकाळी 7 ला. वॉर्डात गोळ्यांची फेरी 9, 2 आणि 9 ला. तिसऱ्या दिवशी काकांना कूस बदलता येईना, पाणी पितानाही ठसका लागायला लागला. मळमळतंय म्हणून मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन दिलं गेलं, अंग आणखीच आखडलं. रात्री भास झाले. "आजोबांचं वय झालंय," असं उत्तर मिळालं. डॉक्टर बोलायचे मुलाशी, आणि गोळ्यांच्या वेळा ठाऊक होत्या फक्त काकूंना.

मग मान खाली घालून त्या म्हणाल्या, "शेवटी मी पदराआडून गोळी दिली."

मी रागावले नाही. कुणावर ही वेळ यावी? पण त्यातला धोका मात्र स्पष्ट सांगितला. तीच गोळी सिस्टरनीही दिली तर डोस दुप्पट होतो, रक्तदाब एकदम उतरू शकतो, आणि फाइलवर भलतंच चित्र राहतं. पुन्हा लपवून नाही, असं आम्ही ठरवलं. म्हणजे मोठ्याने बोलणं आलं.

लेव्होडोपाचा असर काही तासांचाच असतो. बीपीच्या गोळीला तासभर उशीर झाला तर सहसा निभावतं, इथे तेवढ्यात माणूस लाकडासारखा होतो. गोळ्या अचानक बंद पडल्या तर खूप ताप, ताठरपणा, शुद्ध हरपणं इथपर्यंत मजल जाऊ शकते. वॉर्डातल्या सिस्टरवर वीस जणांचं ओझं असतं आणि हे त्यांना माहीत असेलच असं नाही. काकूंना मी एवढंच म्हटलं, "तुम्ही त्यांच्या चुका काढायला जात नाही आहात. त्यांच्याकडे नसलेली माहिती तुमच्याकडे आहे, ती द्यायला जाताय."

पटलं, पण तोंडातून शब्द फुटेना. मग मी सिस्टर झाले आणि आम्ही सराव केला. पहिल्यांदा त्या म्हणाल्या, "तेवढं जरा गोळीचं बघाल का?" मी म्हटलं, "हो, देते," आणि कागदात डोकं घातलं. काकू गप्प. पाचव्या खेपेला वाक्य जमलं: "सिस्टर, ह्यांची गोळी अकराची आहे, आता अकरा वीस झालेत. उशीर झाला की गिळता येत नाही. आत्ताच द्यावी लागेल."

दरम्यान न्यूरॉलॉजिस्टकडून एक पान सहीनिशी तयार करून घेतलं. औषधं, डोस, घड्याळी वेळा. जेवणाआधी अर्धा तास गोळी, कारण डाळ, पनीर, अंडं यांतली प्रथिनं तिचं शोषण अडवतात. खाली लाल अक्षरांत: मेटोक्लोप्रमाइड, प्रोक्लोरपेराझिन, हॅलोपेरिडॉल टाळावं. मळमळ किंवा भास थांबवायला दिली जाणारी ही औषधं मेंदूतल्या डोपामिनचंच काम रोखतात, आणि कंपवातात तेच आधी कमी पडलेलं असतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या तपासणीला काकू स्वतः गेल्या, मुलगा शेजारी बसला. डॉक्टरांनी पान वाचून ऑपरेशन यादीत पहिलं घेतलं आणि सकाळची गोळी घोटभर पाण्याबरोबर द्यायला लेखी परवानगी दिली. हा निर्णय त्यांचाच असतो, उपाशी ठेवायच्या काळात आपल्या मनाने पाणीसुद्धा देऊ नये. पण विचारायला हवं, तेही आदल्या रात्री नव्हे, आधीच.

सगळं सुरळीत पार पडलं असं नाही. दुसऱ्या संध्याकाळी ड्यूटी बदलली, सातची गोळी आली नाही. सात पंचवीसला काकू काउंटरवर गेल्या. "आजी, राउंड नऊला आहे." त्यांनी फाइलमधलं पान उघडून सहीवर बोट ठेवलं आणि सरावातलं वाक्य म्हटलं. गोळी पावणेआठला मिळाली. त्या रात्री काका थोडे बरळले, पण सकाळी मुलाचा हात धरून बाथरूमपर्यंत चालत गेले.

"आणि चिडल्या का सिस्टर?" मी विचारलं.

"चिडल्या की! पण ह्यांच्यावर नाही हो. पुढच्या वेळी सातला त्याच गोळी घेऊन आल्या."

ते पान आता कपाटात आधार कार्डाच्या पाकिटात असतं. गेल्या महिन्यात तीनची गोळी अर्ध्याने वाढली, तेव्हा काकूंनी जुनं फाडून नवं सही करून आणलं. एक प्रत मुलाच्या मोबाइलमध्ये आहे. वेळाही आता त्याला पाठ आहेत.