कारागिराला दाराजवळचं टेबल नको, भिंत द्या

ताई, तुमचा प्रश्न सावकाश वाचला. तुम्ही चौघं जलरंगात काम करणारे, सोबत कापशीचं एक चप्पल करणारं कुटुंब, हुपरीचे चांदीवाले आणि गंगावेशेतले एक मूर्तिकार. सगळ्यांनी मिळून कोल्हापुरातल्या शाहू स्मारकच्या कलादालनात प्रदर्शन करायचं ठरवलंय. घोडं अडलंय ते मांडणीवर. तुमच्यातल्या दोघांना वाटतंय की चित्राशेजारी चप्पल ठेवली तर दालनाचा बाजार होईल, म्हणून कारागिरांना दाराजवळ टेबलं लावून द्यावीत. शिवाय किंमत लिहावी का, विक्री होते का आणि जीआयचा, म्हणजे भौगोलिक मानांकनाचा, शिक्का छापला तर चालतो का, हेही विचारलंय.

टेबलाचं आधी बघू. बाजार होईल ही भीती आहे ना, तर तो होतो टेबलामुळेच. दाराशी टेबल दिसलं की माणसाचा हात आपोआप मालावर जातो आणि तोंडातून "कितीला? कमी किती करणार?" निघतं. शिवाजी चौकाजवळच्या चप्पल लाईनीत जे चालतं तेच तुमच्या दालनात चालू होणार, आणि तिथं ते जास्त चांगलं चालतं, कारण तिथं शंभर जोड समोर असतात. तोच जोड भिंतीलगत, डोळ्यांच्या थोडा खाली, स्वतंत्र उजेडात ठेवा आणि शेजारी चित्राला लावता तसलंच कार्ड लावा. लोक हात मागे बांधून वाकून बघतात. दालनांतून चित्रं टांगण्यात माझी बरीच वर्षं गेली. कार्ड एकसारखं असलं की बघणाऱ्याची चाल बदलते, हे मी अनेकदा पाहिलंय.

आणि कोल्हापुरात बसून चित्रकार वेगळा, कारागीर वेगळा असं म्हणायला आपल्याला तोंड कुठं आहे? बाबूराव पेंटर मूळचे मेस्त्री. वडील सुतारकाम आणि दगडातलं काम करणारे. बाबूरावांनी नाटकांचे पडदे रंगवले, तैलचित्रं केली, शिल्पं केली आणि चित्रपट काढायचा तर कॅमेरा स्वतःच्या हातांनी जुळवला. १९२० साली त्यांचा 'सैरंध्री' पडद्यावर आला. या माणसाला कुठल्या टेबलावर बसवणार होता? तुमच्या त्या दोघांना एकदा टाऊन हॉल म्युझियममध्ये घेऊन जा. तिथं बाबूरावांची चित्रं आहेत, जुने चित्रकार आबालाल रहिमान यांची आहेत. तिथून राजारामपुरीत चंद्रकांत मांढरे यांच्या संग्रहालयातही डोकवा. सिनेमातले नट म्हणून लोक त्यांना ओळखतात, पण आपलं राहतं घर आणि चित्रं त्यांनी सरकारला देऊन टाकली. छोट्या खोल्यांत चित्रं कशी बसवायची, याचा अंदाज तिथं येतो.

आता चप्पल मांडायची कशी, ते जरा सविस्तर सांगतो, कारण सगळे चुकतात ते इथं. दुकानातल्यासारखा जोड शेजारी शेजारी ठेवू नका. एक सरळ ठेवा, दुसरी पालथी. पालथ्या चपलेत तळाची शिवण दिसते. चामड्याची बारीक वादी आरीने पाडलेल्या भोकांतून ओढून घेतलेली असते, खिळा कुठंच नसतो. बघणाऱ्याला एवढं दिसलं की पुढचं फारसं समजावून सांगावं लागत नाही. जवळच एक अर्धवट झालेला तुकडा ठेवा: नुसता तळ, वर अजून न बसवलेले कान म्हणजे बाजूच्या चामडी पाळ्या, शेजारी चामड्याची सुटी वेणी. बाभळीची साल आणि हिरडा एका वाटीत ठेवले तरी पुरे, चामडं कशात कमावतात ते कळतं. वास येईल, येऊ द्या. एक सांभाळा. ताजं तेल लावलेलं चामडं पांढऱ्या कापडावर ठेवलंत तर दुसऱ्या दिवशी कापडावर डाग दिसेल. त्यापेक्षा साधी लाकडी फळी घ्या. आणि अंगावर येणारा गरम पिवळा दिवा नको, चामडं ताठरतं आणि तुमच्या कागदावरच्या रंगांनाही तो बरा नाही.

नावाचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. चित्राखाली चित्रकाराचं नाव असतंच. चपलेखाली लोक लिहितात "कोल्हापुरी चप्पल, हस्तकला". म्हणजे कुणाचीच नाही. शिवाय चप्पल एका माणसाच्या हातून होत नाही. तळ कापणं, ठोकणं, शिवणं बहुतेक घरांत पुरुष करतात. वेणी घालणं, कान तयार करणं, वरची बारीक शिवण हे बऱ्याच घरांत बायकांच्या हातचं असतं. नजर जाते ती नेमकी त्याच कामावर. तेव्हा कार्डावर फक्त घरच्या कर्त्याचं नाव टाकू नका. घरी जाऊन नीट विचारा: तळ कुणाचा, वेणी कुणाची, आणि तशीच दोन-तीन नावं छापा. बाई म्हणतील, "माझं कशाला, ह्यांचंच लिवा की." तरी लिहा. प्रकारही लिहा. कापशी, पायताण, कचकडी, बक्कलनाळी, पुकारी ही नावं नव्या पिढीच्या कानावरून जायला लागली आहेत. कोल्हापुरी साज या गळ्यातल्या दागिन्याचंही तसंच. कुणी साज मांडणार असेल तर एकवीस पानांतली निदान सात-आठ कार्डावर नावानिशी द्या: मासा, कासव, शंख, कारलं, बेलपान, भुंगा... म्हाताऱ्या बायका तिथं थांबतात आणि नातीला एकेक पान दाखवून सांगतात. तुमचं माहितीपत्रक ते काम करू शकणार नाही.

प्रात्यक्षिक ठेवाच. रंगबहार या कलासंस्थेची 'मैफल रंगसुरांची' टाऊन हॉलच्या बागेत होते तेव्हा एका बाजूला गाणं चालू असतं, दुसरीकडे कुणी चित्र काढतंय, कुणी मातीत चेहरा घडवतंय, आणि माणसं तास-तास उभी राहून बघतात. आपल्या गावाला काम होताना बघायला आवडतं. फक्त कारागिराला सकाळपासून रात्रीपर्यंत शोभेला बसवू नका. संध्याकाळी दोन तास पुरे. त्या दिवसाची मजुरी खर्चात धरा, कारण तो इथं बसला की घरचं काम थांबतं. चित्रकार आठवडाभर दालनात बसला तर ते त्याचं प्रदर्शन, आणि कारागीर बसला तर ती "संधी", असला हिशेब मला पटत नाही. ठोकण्याचा आवाज आत घुमतो, तेव्हा व्यवस्थापनाला विचारून बाहेर मोकळी जागा मिळाली तर बघा.

तारखांबद्दल. पाऊस टाळा हे सांगायला नकोच. आपल्याकडच्या दमट हवेत चामड्याला बुरशी धरते आणि जलरंगाचा कागद फुगतो. २०१९ च्या महापुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत पाणी शिरलं होतं. तेव्हापासून मूर्तिकारांना ऑगस्टचं नाव काढलं तरी धडकी भरते. तसंही उन्हाळ्यापासून अनंत चतुर्दशीपर्यंत त्यांना मान वर करायला सवड नसते. दिवाळी झाल्यावर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. लग्नसराई असते, त्यामुळे साज आणि चप्पल दोन्हीकडे लोकांचं लक्ष असतं, आणि नाताळच्या सुट्टीत अंबाबाईला आलेली बाहेरगावची मंडळी संध्याकाळी काही बघायला शोधत असतात. अर्थात हे सगळ्यांनाच ठाऊक आहे, म्हणून शनिवार-रविवार धरून हव्या असलेल्या तारखा लवकर जातात. अर्जात दोन पर्यायी आठवडे द्या.

विक्रीचं खरं सांगू? चित्रं फार खपतील अशी आशा धरू नका. कोल्हापूरकर चित्र मन लावून बघतो, चित्रकाराला चहा पाजतो, वडील कुठल्या मास्तरांकडे शिकले तेही विचारतो, पण पाकीट सहजी काढत नाही. छोट्या आकाराची, माउंट करून तयार ठेवलेली रंकाळ्याची, पंचगंगा घाटाची चित्रं जातात. मोठ्या चौकटी बहुधा घरी परत येतात. कारागिरांचं उलटं. तिथं मांडलेला जोड विकू नका, ऑर्डर घ्या. एक मोठी वही ठेवा. गिऱ्हाईकाचा पाय कागदावर ठेवून पेन उभं धरून आखून घ्या, दोन्ही पायांचा, कारण ते सारखे नसतात. त्याच कागदावर नाव, फोन, प्रकार, रंग, कबूल केलेली तारीख. निम्मे पैसे आगाऊ. तारीख कारागिराला विचारूनच द्या. उत्साहात "आठ दिवसांत मिळेल" असं परस्पर सांगून मोकळं होऊ नका.

किंमत सगळ्यांची कार्डावर छापलेली हवी, चित्रांची आणि चपलांचीही. किंमत लिहिलेली नसली की घासाघीस फक्त कारागिराशी होते, चित्रकाराला कुणी कमी करा म्हणत नाही. आणि क्यूआर कोड ज्याच्या त्याच्या खात्याचा लावा. सगळे पैसे आयोजकाच्या खात्यात घेऊन नंतर वाटप करायच्या भानगडीत पडू नका, त्यात चांगले मित्र दुरावलेले बघितलेत. चांदी कुलपाच्या काचपेटीत ठेवा आणि रोज रात्री घरी नेऊ द्या. कच्च्या शाडूची मूर्ती दारापासून आणि लहान मुलांच्या वाटेपासून लांब ठेवा, एवढंच.

जीआयबद्दल. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मानांकन मिळालं. ते एकट्या कोल्हापूरचं नाही. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचं आहे. पण जिल्ह्यात राहतो म्हणून कुणालाही शिक्का वापरता येत नाही, कारागिराची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असावी लागते. तुमच्या कापशीच्या कुटुंबाची आहे का विचारा. नसेल तर कार्डावर शिक्का नको. संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाकडे चौकशी करून अर्जाला लागा. जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये आपल्यासारख्याच चपला दाखवल्या आणि केवढा गदारोळ झाला, तेव्हापासून येणारा प्रत्येक जण हा विषय काढणार. कारागिराला त्यावर भाषण करायला लावू नका. त्याला काय वाटतं ते त्याला सांगायचं असलं तर तो सांगेल.

चित्रकारांसाठी एक: मूळ चित्र विकलं तरी त्याचे हक्क (कॉपीराइट), वेगळं लिहून दिलं नसेल तर, तुमच्याकडेच राहतात. घेणाऱ्याने उद्या त्याची कॅलेंडरं छापायची म्हटलं तर तुमची परवानगी लागते. कुणी आधी पैसे देऊन खास काढून घेतलेल्या चित्राला मात्र नियम वेगळा आहे, तिथं हक्क ते चित्र करवून घेणाऱ्याकडे जातात. तेव्हा असं काम घेताना दोन ओळींचा कागद करून घ्या. पावतीवरही एक ओळ छापून टाका.

शेवटच्या दिवशी हिशेब दालनातच उरका, सामान टेम्पोत चढवण्याआधी. ऑर्डरच्या वहीची एक झेरॉक्स कारागिराकडे, एक तुमच्याकडे. पायांच्या मापाचे मूळ कागद मात्र त्यांच्याकडेच द्या, झेरॉक्समध्ये माप थोडं कमी-जास्त होतं.