सीपीयू निवांत, तरी लोड चौदा?

प्रश्न : आमच्या चार कोअरच्या लिनक्स सर्व्हरवर डॅशबोर्ड सीपीयू १८ टक्के दाखवतो आणि लोड ॲव्हरेज १४. मेमरी ९२ टक्के, त्यामुळे डॅशबोर्डवरचा तिचा चौकोन कायम लाल. साइट रखडते आहे. रॅम वाढवू का?

उत्तर : रॅमचे पैसे तूर्त खिशात ठेवा. आधी लोडचं बघू.

लोड म्हणजे टक्के नव्हेत, डोकी मोजलेली असतात. सीपीयूवर चालू असलेली आणि त्याच्यासाठी रांगेत उभी असलेली कामं त्यात येतात. लिनक्स त्यात आणखी एक जमात धरतो : डिस्ककडून उत्तर येईपर्यंत हलूच न शकणारी कामं. आता तुमचाच हिशेब मांडा. चार कोअरचे १८ टक्के म्हणजे पाऊण कोअरही नाही. मग चौदांतले उरलेले तेरा जण करताहेत काय? बहुधा डिस्कच्या दारात ताटकळलेत.

खात्री करायला टर्मिनलवर 'व्हीएमस्टॅट १' चालवा. पहिली ओळ सोडून द्या, ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. पुढच्या ओळींत 'आर' हा रकाना सीपीयूवाल्यांचा आणि 'बी' अडकलेल्यांचा. 'बी'मध्ये दहा-बारा दिसले, की 'पीएस' ही चालू प्रोसेसची यादी दाखवणारी आज्ञा चालवून 'डी' स्थितीतल्या, म्हणजे अशा ताटकळलेल्या, प्रोसेस शोधा. गुन्हेगार नाही, तरी साक्षीदार नक्की सापडतात.

हे मी ठेच खाऊन शिकलो. एकदा रात्री दोनला फोन आला : लोड साठच्या वर, सीपीयू मात्र थंड. मी झोपेत वेब सर्व्हर दोनदा रीस्टार्ट केला. लोड कमी व्हायचं सोडा, मिनिटामिनिटाला एकेकाने चढत होता. त्या 'एकेकाने'कडे माझं लक्ष जायला अर्धा तास लागला. नेटवर्कवरून जोडलेलं स्टोरेज बंद पडलं होतं आणि क्रॉनमधली (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेतली) एक स्क्रिप्ट दर मिनिटाला नवी प्रोसेस तिथे नेऊन अडकवत होती. लोडची सरासरी एक, पाच आणि पंधरा मिनिटांची अशी तीन आकड्यांत दिसते; स्टोरेज परत आलं तसा एका मिनिटाचा आकडा झरझर उतरला. पंधरा मिनिटांचा मात्र बराच वेळ वरच रेंगाळला. तो जुन्या गोष्टी सावकाश विसरतो, त्याला घाबरून पुन्हा रीस्टार्ट करू नका.

आता तो लाल चौकोन. लिनक्स मोकळी रॅम फाइलींच्या कॅशेला, म्हणजे वाचलेल्या फाइली हाताशी ठेवायला, लावतो आणि एखाद्या प्रोग्रामला लागली की त्यातली बरीचशी सोडतो. पुष्कळ डॅशबोर्ड ही कॅशेही 'वापरलेली' म्हणून मोजतात. 'फ्री -एम' चालवून 'अव्हेलेबल' हा रकाना वाचा. तिथे पुरेशी जागा असेल आणि व्हीएमस्टॅटमधले 'एसआय', 'एसओ' (मेमरी आणि डिस्कवरचा स्वॅप यांतली ने-आण) शून्याच्या आसपास असतील, तर मेमरीचं काही बिघडलेलं नाही. अलर्ट 'अव्हेलेबल'वर लावून घ्या आणि तो चौकोन होता त्या जागी डिस्कचा आलेख आणा.