‘ऐंशी हजारांवर उठायचं होतं की!’

“ऐंशी हजार हातात आले होते की हो! तिथंच उठायला काय झालं होतं?” बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून नवऱ्याचा जुगार सुटावा म्हणून त्याला आमच्याकडे समुपदेशनाला घेऊन आलेल्या ताईंनी पहिल्या तासाभरात हे चार वेळा विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) नवऱ्याचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. शनिवारी दोस्तांच्या गाडीतून जांबोटी-चोर्लामार्गे पणजी, मांडवीतल्या जहाजावरचा कॅसिनो, आणि परतताना पेट्रोलचे पैसेही दोस्ताचे. हरणारा वसुलीसाठी खेळत राहतो हे घरच्यांना समजतं. जिंकणारा का उठत नाही, हे मात्र कोडंच असतं.

त्या रात्रीचा हिशेब नवऱ्याकडूनच ऊसबिलाच्या पावतीमागे लिहून घेतला. नेलेले 10,000. रुलेटवर, म्हणजे फिरत्या चाकाच्या जुगारावर, लाल किंवा काळा, एका डावाला 500. “वीस झाले की उठायचं” हे घाटातच ठरलेलं. वीस झाले तसे पन्नास ठरले, पन्नास झाले तसा लाख. 80,000 वर असताना डाव 5,000 चा झाला होता. रात्री दोनला खिसा रिकामा.

रिचर्ड थेलर आणि एरिक जॉन्सन या संशोधकांनी 1990 मध्ये दाखवलं की नुकताच जिंकलेला माणूस पुढची जोखीम सहज घेतो, कारण ते पैसे त्याला अजून आपले वाटत नाहीत. दुकानात 70 रुपयांच्या बेअरिंगवर घासाघीस करणारा हाच माणूस 70,000 च्या चिपा (पैशांऐवजी वापरायच्या चकत्या) सरकवतो. शिवाय बक्षीस मिळेल की नाही हे अधांतरी असतानाच मेंदूतलं डोपामाइन हे ओढ लावणारं रसायन जोर धरतं. खरी रंगत चाक फिरत असताना. उठलं की ती गेली.

गणित सरळ आहे. चाकावर 37 घरं : 18 लाल, 18 काळी, एक हिरवं शून्य, ज्यावर लाल-काळा दोन्ही हरतात. लाल-काळ्यावर लावलेल्या दर शंभरातले सरासरी 2.70 रुपये कॅसिनोकडे राहतात. तासाला 30 डाव धरले तर 500 च्या डावाला सरासरी 405 रुपये जातात, 5,000 च्या डावाला 4,050. एखाद्या रात्री नशीब याच्या कितीतरी वर-खाली जातं, आणि नेमकं तेच माणसाला फसवतं.

मग ताईंना स्पष्टच सांगावं लागलं. त्या रात्री ते उठले असते, तर पुढच्या शनिवारी 80,000 घेऊन गेले असते. “तिथंच उठायचं होतं” हे घरात जितक्यांदा बोललं जातं, तितकं नवऱ्याच्या मनात पक्कं होतं की पुढच्या वेळी बरोबर उठू. तो प्रश्न घरातून बंद करायचा, ही पहिली सूचना.

बाकीचा बंदोबस्त पैशांचा. एटीएम कार्ड ताईंकडे, नवऱ्याच्या फोनमधून यूपीआय काढलं, बचत खातं दोघांच्या सहीचं, रोजच्या खर्चाला 300 रुपये. कर्जांची यादी केली, पण सासऱ्यांना ती एकदम फेडू दिली नाहीत. झटक्यात मोकळा झालेला माणूस पुन्हा टेबलाकडे वळतो, हे वारंवार दिसतं. ओढ लागली की अर्धा तास दुसऱ्या माणसासोबत काढायचा; बहुतेक वेळा तेवढ्यात ती ओसरते. रात्री-अपरात्री 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे. झोप उडाली, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले, तर थांबायचं नाही. धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत मानसोपचारतज्ज्ञ आहेत.

तिसऱ्या आठवड्यात बंदोबस्ताला भोक पडलं. एका गिऱ्हाइकानं दिलेला 6,000 चा रोख ॲडव्हान्स गल्ल्यात आलाच नाही, थेट पणजीला गेला. दुकानाचा गल्ला कोणाच्याच लक्षात आला नव्हता, आमच्याही नाही. आता रोज रात्री आठला ताई पावतीपुस्तक आणि रोकड जुळवतात. शनिवारी मात्र पाचलाच, दोस्तांची गाडी निघायच्या आत.