माशांच्या दोन फुटी टाकीत, झाडं लावायची असतील तर, खडी कोणती घालावी?

रंगीत खडी नकोच. रंग सुटू शकतो, शिवाय झाडांपुढे ती भडक दिसते. साधी तपकिरी, 2 ते 3 मिमी दाण्याची घ्या. त्याहून बारीक वाळू दबून घट्ट बसते, मुळं गुदमरतात. जाड खडीत माशांचं उरलेलं खाणं खाली जाऊन सडतं.

इंदूरला नर्मदेची खडी सहज मिळते, पण तिच्यात चुनखडीचे दाणे असू शकतात. मूठभर कोरड्या खडीवर व्हिनेगर टाकून कान जवळ न्या. बारीक चरचर आली, बुडबुडे दिसले, की ती परत करा. असली खडी पाण्याचा जडपणा वाढवत राहते, आणि आपलं बोअरिंगचं पाणी आधीच जड!

2 फूट × 1 फूट टाकीला साधारण 14 किलो लागेल: पुढे 4 सेंमी, मागे 6. बादलीत पाणी नितळ येईपर्यंत धुवा, साबण अजिबात नको. पाणी भरताना खडीवर बशी ठेवून तिच्यावर धार सोडा, म्हणजे उतार मोडत नाही.

नुसत्या खडीत पोषण नसतं. क्रिप्टोकोरीन या पाणवनस्पतीच्या मुळांशी खताची गोळी खोल खुपसा. अनुबियास या दुसऱ्या पाणवनस्पतीचा आडवा कंद मात्र पुरू नका, कुजतो. दगडाला दोऱ्याने बांधा.