कंट्री कॅप उठेपर्यंत ग्रीन कार्डची प्रक्रिया थांबवावी का?

तुम्ही लिहिलंय की कंपनी लेबर (अमेरिकेच्या श्रम खात्याकडचा अर्ज, ग्रीन कार्डाची पहिली पायरी) भरायला तयार आहे, पण कंट्री कॅप (एका देशाच्या लोकांना वर्षाला किती ग्रीन कार्डं मिळतील याची मर्यादा) उठवणारा कायदा आज ना उद्या होईलच, मग ईबी-२ च्या, म्हणजे नोकरीच्या ग्रीन कार्डांच्या दुसऱ्या श्रेणीच्या, एवढ्या लांब रांगेत आत्ता कशाला उभं राहायचं? थांबू नका. मी थांबलो होतो, म्हणून सांगतो.

एप्रिल २०१३ मध्ये आमच्या एचआरनं आपणहून विचारलं, प्रक्रिया सुरू करायची का? एच-१बी चं (नोकरीच्या व्हिसाचं) माझं तिसरं वर्ष चालू होतं. त्याच महिन्यात सिनेटमध्ये एस. ७४४ विधेयक आलं होतं. नोकरीच्या ग्रीन कार्डांवरची देशनिहाय मर्यादा त्यात काढून टाकायची होती आणि अमेरिकेतून विज्ञान-तंत्रज्ञानात मास्टर्स केलेल्यांना तर वार्षिक संख्येतूनच वगळायचं होतं. माझं मास्टर्स इथलंच, २०१० चं. मला वाटलं, हे माझ्यासाठीच लिहिलंय. मग पर्मच्या, म्हणजे लेबरसाठी द्याव्या लागणाऱ्या, जाहिराती, लेबर, एकाच कंपनीला बांधून घेणं, हे सगळं कशाला? लॉयरला म्हटलं, जरा थांबू. २७ जूनला सिनेटनं ६८ विरुद्ध ३२ मतांनी विधेयक मंजूर केलं, त्या रात्री आमच्या घरी शिरा झाला होता.

प्रतिनिधिगृहानं, म्हणजे दुसऱ्या सभागृहानं, ते मतदानालाच घेतलं नाही. जून २०१४ मध्ये बहुमतवाल्या पक्षाचे नेते एरिक कँटर स्वपक्षाचीच प्राथमिक निवडणूक हरले, तेव्हाच विधेयक बारगळलं हे मला कळायला हवं होतं. तरी मी नोव्हेंबरातल्या ओबामांच्या इमिग्रेशनबद्दलच्या घोषणांची वाट पाहिली. शेवटी लेबर भरलं फेब्रुवारी २०१५ मध्ये. माझी प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली जागा ठरवणारी तारीख, तीच.

मग ऑक्टोबर २०२० आला. महासाथीत वकिलाती बंद पडल्यानं कुटुंबाच्या कोट्यातले व्हिसा उरले आणि ते नोकरीच्या कोट्यात आले. एरवीच्या १ लाख ४० हजारांच्या जागी त्या वर्षी सुमारे २ लाख ६२ हजार. कायद्यातलं एक अक्षर बदललं नव्हतं. ईबी-३ मध्ये (तिसऱ्या श्रेणीत) भारतीयांची अर्ज भरण्याची तारीख एकदम १ जानेवारी २०१५ वर गेली, म्हणजे ज्यांची तारीख त्याआधीची त्यांना अर्ज भरता येणार होता. माझ्याबरोबरच रुजू झालेल्या नागपूरच्या मित्राचं लेबर २०१३ अखेरचं. त्यानं ईबी-३ मध्ये नवा आय-१४० (लेबरनंतरचा, कंपनीमार्फतचा अर्ज) भरला, सोबत आय-४८५ (ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज) टाकला. नवरा-बायको दोघांच्या हातात ईएडी (काम करण्याचा परवाना) आलं, नोकरी बदलायची मोकळीक आली. मी दीड महिन्यानं हुकलो. थांबलो होतो मात्र जवळजवळ दोन वर्षं.

माझी मुलगी वर्षाची असताना आम्ही पुण्याहून आलो. ती आता हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे. २१ पूर्ण झाले की तिचं एच-४ (एच-१बी वाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) संपेल. जिथं ती वाढली तिथंच तिला विद्यार्थी व्हिसा मागावा लागेल. तुमचा मुलगा नऊ वर्षांचा आहे असं तुम्ही लिहिलंय. बारा वर्षं फार वाटतात, पण नसतात.

आणि तुमची आशा खरी ठरली असं धरून चला. २०११ मध्ये प्रतिनिधिगृहानं कॅप काढणारं विधेयक ३८९ विरुद्ध १५ मतांनी मंजूर केलं, २०१९ मध्ये पुन्हा ३६५ विरुद्ध ६५ नं. २०२० अखेरीस सिनेटनं स्वतःचा वेगळा मसुदा मंजूर केला. कायदा एकदाही झाला नाही. पण झाला असता तरी ज्याची तारीख जुनी तो आधी, हेच राहणार होतं. कॅप गेली की तारखेला उलट जास्त किंमत येते. म्हणजे कायदा आला तरी थांबणारा मागे, नाही आला तरी मागे. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पर्मचा खर्च नियमानं कंपनीनंच करायचा असतो, तुमच्या खिशातून जात नाही. बांधलं जाण्याची भीतीही वाटते तेवढी खरी नाही. आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस झाले की कंपनीनं तो मागे घेतला तरी तारीख तुमचीच राहते. नव्या कंपनीत लेबर पुन्हा करावं लागेल, पण रांगेतली जागा जुनीच. शिवाय आय-१४० मंजूर असला की एच-१बी सहा वर्षांपुढे वाढतो आणि बायकोला एच-४ वर ईएडीचा अर्ज करता येतो.

एचआरला आजच होकार कळवा. वेतननिश्चिती आणि जाहिरातींतच बरेच महिने जातात आणि तारीख पडते ती लेबर भरल्यावर. आय-१४० ची मंजुरीची नोटीस कंपनीच्या नावानं येते, तिची प्रत मात्र आठवणीनं मागून घ्या.